मॅन्युअल सक्तीचं असतं तिथे

२०१० च्या सुमारास पुण्यात नोकरी सोडून स्वतंत्रपणे टेक्निकल रायटिंग करायला निघालेल्यांचा पहिला मुक्काम बहुधा ईलान्स नाहीतर ओडेस्क हाच असे. तिथे बोली लावायची आणि जगभरच्या बोलीवाल्यांशी दर पाडण्याची शर्यत खेळायची. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पेपॅलवर एका व्यवहारात ५०० डॉलरपेक्षा जास्त घेता येईना, तेव्हा बिलांचेही तुकडे करावे लागले. मर्यादा त्याच वर्षी वाढली. पुढे दोन्ही साइट एकत्र येऊन २०१५ मध्ये अपवर्क झालं, पण माझ्या वाट्याला तिथून धड गिऱ्हाईक आलं नाही.

काम मिळालं ते ओळखीतून. हिंजवडीतले डेव्हलपर दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात, नव्या जागी डॉक्युमेंटेशनच्या नावाने बोंब असते, मग फोन येतो.

टिकलं मात्र भोसरी-चाकणच्या यंत्र बनवणाऱ्या कारखान्यांचं काम. युरोपात यंत्र विकायचं तर सीई मार्क हवा, आणि २००९ च्या डिसेंबरअखेर लागू झालेल्या मशिनरी डायरेक्टिव्हप्रमाणे यंत्राबरोबर, ते जिथे विकायचं त्या देशाच्या भाषेत, सूचना-पुस्तिका हवीच. सगळी सुरक्षा पाळूनही उरणारे धोके तिच्यात लिहावे लागतात. चांगल्या लिखाणाची आवड असलेला कारखानदार मी शोधत बसलो नाही. ज्याचा माल पुस्तिकेवाचून अडेल, असा शोधला. खरा मजकूर डिझाइनच्या फाइलींत नसतो, फिटरकडे असतो. गार्डचा इंटरलॉक ऑपरेटर कसा बायपास करतात, हे तो हसत हसत सांगतो आणि धोक्याच्या सूचनांचं अर्धं पान तयार होतं.

वेळेवर पैसे न मिळण्याचं रडगाणं तिथेही होतं. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, अशी बिल चुकतं करायची मुदत होती. पण ती कोण मोजतो! प्राप्तिकरात कलम ४३बी(एच) आलं, मुदत उलटून वर्षअखेर थकलेल्या रकमेची वजावट गिऱ्हाइकाला त्या वर्षी मिळेना, आणि २०२४ च्या मार्चमध्ये अकाउंट्सवाले उद्यम नोंदणीचा नंबर मागायला स्वतःहून फोन करू लागले. हे सुख आधी कधी पाहिलं नव्हतं.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि सॉफ्टवेअरच्या हेल्प फाइलींचं माझं काम आटलं. २०२५ च्या जानेवारीत तर अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही या धंद्याची जुनी संघटनाच दिवाळखोरीत निघाली. यंत्रापाशी उभं राहून फिटरला विचारायचं काम तूर्त तरी शाबूत आहे.

२० जानेवारी २०२७ पासून युरोपात नवं मशिनरी रेग्युलेशन लागू होतंय. पुस्तिका डिजिटल दिली तरी चालेल, पण खरेदीच्या वेळी कोणी मागितली तर कागदी प्रत फुकट द्यावी लागेल. हे कळताच चाकणच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘‘म्हणजे साहेब, आता छपाई नाही, तर तुमचा दर किती कमी होणार?’’