मुदतीआधी मोडलेली ठेव

रविवारी मासळी, हा आमच्या चिंचवडच्या घरातला नियम मी बँकेत होतो तेव्हापासूनचा. निवृत्तीबरोबर पेन्शन आली, पाठोपाठ मधुमेह आला, पण नियम काही मोडला नाही. मध्यंतरी एका रविवारी सौ. बाजारातून पापलेटं घेऊन आली. तळहातात मावतील एवढीच. "मोठ्यांचे भाव ऐकून मी पुढे सरकले. ही सहा आली आणि वर सुटे पैसेही उरले," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारचा तरुण डोकावला. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो गुणवत्ता तपासणीच्या विभागात आहे. दिसेल ती वस्तू मोजायची, ही त्याची खोडच. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्याने एक पापलेट तोंडापासून शेपटीपर्यंत मोजलं आणि म्हणाला, "काका, साडेअकरा सेंटिमीटर. आमच्याकडे असतं तर रिजेक्ट!"

घरात हशा पिकला. मला मात्र हसू येईना. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. त्यात पापलेटचा आकडा १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. तो आमचा राज्यमासा वयात येण्याआधीच रव्यात घोळून तव्यावर जाण्याच्या बेतात होता!

हा आकडा येतो कुठून? कोणा साहेबाच्या मनात आलं म्हणून ठरत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ सालापासून आपल्या किनाऱ्यांवर काम करते आहे. तिची माणसं बंदरावर जातात, उतरलेल्या मासळीतून नमुना घेतात, एकेक मासा मोजपट्टीवर ठेवून लांबी लिहितात, काहींचं पोट उघडून अंडी तयार झाली आहेत का ते पाहतात. हे काम महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षं चालतं. थंड मुलखातल्या माशाचं वय काढणं तुलनेने सोपं. त्याच्या कानात चुन्यासारखा एक बारीक खडा असतो. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात वर्षागणिक वलयं पडतात. आपल्याकडे कडक हिवाळा नसल्याने ती तितकी स्पष्ट उमटत नाहीत. मग हजारो माशांच्या लांबीचा आलेख काढायचा. एकाच हंगामात जन्मलेल्या पिल्लांचा त्यात एक उंचवटा दिसतो आणि तो महिन्यागणिक पुढे सरकतो. जितका सरकला, तितकी वाढ. ही युक्ती पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिली.

शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आमचंच काम की! तासातासाला पाच नग काढायचे, मोजायचे, आलेख भरायचा. रेघ खाली झुकू लागली की माल बाद होण्याआधीच मशीन थांबवायचं."

अगदी बरोबर. मात्र नुसती लांबी पाहून भागत नाही. बाजारात लहान मासे दिसू लागले, तर त्याची कारणं दोन असू शकतात. एक, मोठे मासे मारले गेले आणि मागे लहानच उरले. दुसरं, माशांची वाढच बदलली. खाद्य कमी पडलं, पाणी तापलं, किंवा गर्दी झाली. पहिल्या दुखण्यावर जाळ्याचे आस मोठे करणं हा उपाय. दुसऱ्यावर तेवढ्याने भागणार नाही. म्हणून माशाची लांबी आणि वय दोन्ही मांडावं लागतं, आणि वर्षानुवर्षं मांडत राहावं लागतं.

मला हे माझ्या भाषेत समजतं. मासा म्हणजे समुद्राने ठेवलेली मुदत ठेव. पहिल्या काळात तो झपाट्याने वाढतो, म्हणजे व्याजदर चढा. पुढे वाढ मंदावते, शिवाय काही मासे आपल्या मरणानेच मरतात. ठेव फार लवकर मोडली तर व्याज बुडतं, फारच उशीर केला तर मुद्दलही झिजतं. आणि अंडी घालण्याआधीच मासा काढला, तर पुढच्या ठेवीही गेल्या. नेमकी मुदत कोणती, हे सांगण्यासाठीच ही सारी मोजणी.

हे शहाणपण मला तेव्हा कुठे होतं? १९८७ च्या सुमारास मी कोकणातल्या एका किनारी गावच्या शाखेत होतो. होड्यांसाठी, इंजिनांसाठी, जाळ्यांसाठी कर्जं मंजूर करायचो. अर्जात किती मासळी मिळेल, काय भाव येईल, हप्ता कसा फिटेल, याचे रकाने होते. जाळ्याचा आस केवढा, मासा केवढा, हा रकाना नव्हता. एक वयस्क तांडेल एकदा म्हणाला होता, "साहेब, कर्ज द्याल, पण दर्यात मासा वाढायला वेळ कोण देणार?" मी हसलो आणि सही केली. हप्ते वेळेवर फिटले. खातं चोख होतं. ज्या खात्यातून पैसे येत होते, ते मी कधी उघडून पाहिलं नाही.

असं न पाहणं केवढ्याला पडतं, हे कॅनडाने भोगलं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा कॉड मासा खोऱ्याने मिळायचा. १९९२ साली तिथल्या सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. हजारो कुटुंबं बेकार झाली आणि तिथली व्यापारी मासेमारी अधिकृतपणे सुरू व्हायला २०२४ साल उजाडलं. नंतर अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या. साठा कोसळण्याच्या कितीतरी आधीपासून कॉड लहान वयात, लहान आकारात प्रौढ होऊ लागला होता. इशारा वहीत होता.

हे सगळं समुद्रापुरतं आहे, असं आपण पिंपरी-चिंचवडकरांनी मानू नये. आपली पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात आणि भीमेचं पाणी उजनीत साठतं. आपण वापरून सोडलेल्या पाण्यात तिथला मासा वाढतो आणि मग आपल्याच बाजारात येतो. उजनीत आता चिलापी फोफावली आहे. या माशाचा गुणधर्म असा, की गर्दी झाली की तो खुजा राहतो आणि बोटभर आकारातच अंडी घालू लागतो. संख्या भरपूर दिसते, पण वजन भरत नाही. तिथेही पट्टी आणि वही घेऊन बसणारं माणूस हवंच.

कायदा झाला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, तीही हवी. पण प्रत्येक होडीवर पोलीस उभा करता येत नाही. लहान मासा विकला जातो, तोवर तो पकडला जाणार. आणि घेणारे हात आपलेच असतात. हप्ता डोक्यावर असलेल्या कोळ्याला एकट्याने संयम पाळ म्हणणं सोपं. मी तर त्या हप्त्यावर सही करणारा माणूस.

त्या दिवशी आम्ही ती सहा पापलेटं खाल्ली. टाकून देऊन ती काही समुद्रात परतणार नव्हती. चव मात्र कुणाला लागली नाही.

पुढच्या रविवारी मी स्वतः पिशवी घेऊन निघालो. खिशात नातवाची पट्टी. मासळीवालीसमोर ती काढली तशी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, मासे घ्यायला आलात की कापड?" मी तिला साडेतेराचा हिशोब सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली. मग लहान पापलेटांची पाटी बाजूला सारत म्हणाली, "तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं आली ना, तर मी पण हा माल उचलायची नाही. तोवर बांगडे घ्या, चांगले भरलेले आहेत."

मी बांगडे मोजले. मापात होते.