वजाबाकीत हरवलेला वेळ

'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापला आहे. शब्द न वाचता फक्त शाईचा रंग सांगायचा. वाचता येणारा माणूस इथे अडखळतोच. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली मांडलेला हा प्रयोग आज एफएमआरआय यंत्रात अनेकदा केला जातो. शब्द आणि रंग विसंगत असले की अग्रखंडाचा मध्यभाग चित्रात अधिक उजळतो. त्यावरून हा भाग 'संघर्ष ओळखतो' असे मानले गेले. पण विसंगत जोडीला उत्तर द्यायला वेळही जास्त लागतो. मग हा उजळपणा संघर्षाचा, की नुसत्या वेळाचा?

हे यंत्र चेतापेशींचे काम थेट पाहत नाही. कामामागोमाग त्या भागात प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, त्याचा परिणाम ते टिपते. हा संकेत संथ असतो. शिखर गाठायला त्याला पाचेक सेकंद लागतात. उत्तर मात्र सेकंदाच्या आसपास येते. त्यामुळे थोडा वेळ चाललेले जोरकस काम आणि जास्त वेळ चाललेले मंद काम, दोन्ही चित्रात सारखीच दिसू शकतात. विजेच्या मीटरचेही तसेच. शंभर वॅटचा दिवा एक तास जळला काय किंवा पन्नास वॅटचा दोन तास, आकडा एकच.

गंमत अशी की, या शास्त्राची सुरुवातच वेळाच्या मोजणीने झाली. डच शरीरशास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी १८६८ मध्ये साध्या प्रतिसादाचा वेळ निवडीच्या प्रतिसादातून वजा केला आणि निवडीला किती वेळ लागतो ते काढले. मेंदूचित्रणाने ही वजाबाकी उचलली, पण वेळाऐवजी चित्रे वजा केली. वेळ हिशेबाबाहेर राहिला.

२०११ मध्ये ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी सारखाच वेळ लागलेल्या सुसंगत आणि विसंगत जोड्यांची तुलना केली, तेव्हा त्या मध्यभागातला फरक उरला नाही. संघर्षाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी त्याला त्याच वर्षी उत्तर दिले. जेनेट ममफर्ड, रसेल पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये या प्रश्नाची नव्याने मांडणी करून एक सोपा उपाय सुचवला. सांख्यिकी प्रतिमानात प्रत्येक प्रकाराच्या प्रश्नांसाठी ठरावीक लांबीचा अपेक्षित संकेत ठेवावा. शिवाय सर्व प्रकारांना मिळून आणखी एक संकेत घालावा. त्याची लांबी त्या त्या उत्तराला लागलेल्या वेळाइतकी असावी. मग वेळामुळे पडलेला फरक आणि वेळ बाजूला काढल्यावर उरणारा फरक वेगवेगळे दिसतात.

यात एक पेच आहे. संघर्षामुळेच उशीर होत असेल, तर वेळ बाजूला काढताना संघर्षाचाही काही भाग निघून जाणार. मानसशास्त्रज्ञाला जो वेळ हवा असतो, तोच चित्रणाच्या अभ्यासकाला अडचणीचा ठरतो. म्हणून दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडणे हेच प्रामाणिकपणाचे.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. उतारवयात उत्तरे सावकाश येतात, अनेक मेंदूविकारांतही येतात. रुग्णाचा मेंदू 'वेगळा उजळतो' असे वाचनात आले, तर आधी विचारावे : उत्तरांना लागलेला वेळ हिशेबात घेतला होता का? नाहीतर सावकाशपणालाच विकाराची खूण समजले जाण्याचा धोका राहतो.