बरणीतला साप कुठला?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, फॉर्मालिनच्या बरणीत एक घोणस होती. रंग उडून ती पिवळट पडली होती, तरी पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगा ओळखू येत. पेणजवळच्या कुठल्याशा शेतातली असावी, असं सगळे म्हणत. पण गाव कोणतं, साल कोणतं, आणून कुणी दिली, याचा पत्ता नव्हता. बरणीवरची चिठ्ठी कधीच गळून गेली होती. खरा ऐवज ती चिठ्ठी होती, हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात हजारो पक्षी खणांत ओळीनं निजवलेले आहेत. पोटात कापूस, पंख मिटलेले, आणि पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: ठिकाण, तारीख, नर की मादी. ही संस्था १८८३ सालची. १९०८च्या सुमारास सलीम अली नावाचा मुलगा स्वतः पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तिथं गेला. सचिव मिलार्ड यांनी तिची ओळख पटवून दिली आणि खण उघडून एकेक पक्षी दाखवला.

१९२६ साली हेच सलीम अली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्ग विभागात मार्गदर्शक झाले. काचेमागचे प्राणी लोकांना समजावून सांगायचे, हे काम. जर्मनीत शिकून परतले, तर निधीअभावी ती जागाच उरली नव्हती. मग मुक्काम किहीमला, आमच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात. १९३०च्या पावसाळ्यात तिथं त्यांनी सुगरणीचा संसार न्याहाळला. नाव सुगरण असलं तरी विणकर नर! तो अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच नांदते. ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो. हे सगळं आपल्या किहीमच्या झाडांवर पहिल्यांदा नीट उलगडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

जुन्या संग्रहाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी ब्रिटनमधल्या ससाण्याच्या अंड्यांची गोष्ट सांगतो. संग्रहांतल्या अंड्यांवर साल नोंदलेलं होतं, म्हणूनच डेरेक रॅटक्लिफ यांना १९६७ साली दाखवता आलं की दुसऱ्या महायुद्धानंतर कवचं पातळ होत गेली. कारण निघालं डीडीटी.

उभा प्राणी मात्र वेगळी कारागिरी मागतो. ‘भुसा भरलेला वाघ’ आपण सहज म्हणतो, पण आज कातडं कमावून, आत स्नायूंसकट घडवलेल्या साच्यावर चढवतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९पासून असं केंद्र आहे, ते डॉ. संतोष गायकवाड यांनी उभं केलं. तिथलंही कठीण काम म्हणजे डोळे. काचेचा डोळा बसतो, पण पापणी केसभर चुकली की बिबट्या भेदरलेला दिसतो. पेणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला मुरलेलाच हात लागतो.

फणसाडच्या वाटेवर, रोह्याच्या बाजूला, कधी मेलेलं शेकरू दिसलं तर उचलून आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सरकारचं असतं. वनखात्याला कळवा. तिथं पहिले दोन प्रश्न हेच विचारतील: कुठं सापडलं, आणि कधी?