वाडग्यात उरलेला रस्सा

सकाळचे सव्वासात वाजले होते. एरवी या वेळी माझ्या हातात चहाचा कप असतो. त्या दिवशी पुढ्यात गव्हाच्या जाड, नागमोडी शेवयांचा वाफाळता वाडगा होता. शेजारच्या बाकावर ऐंशीच्या घरातले एक शेतकरी आजोबा तसाच वाडगा घेऊन बसले होते. त्यांचं खाणं माझ्याआधी उरकलं. वाडगा पुढे सरकवून, मालकीणबाईंना वाकून नमस्कार करून ते उठले. त्यांच्या वाडग्यात अर्ध्याहून जास्त रस्सा तसाच होता. माझ्या वाडग्याचा मात्र थोड्याच वेळात तळ दिसला. मी डॉक्टर आहे, आणि माझ्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीला चार वर्षं झाली आहेत.

हे घडलं जपानच्या फुकुशिमा प्रांतातल्या किताकातामध्ये. माझा भाचा टोकियोत नोकरी करतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, टोकियोतलं रामेन सगळेच खातात. तुला खरं गावाकडचं खायला घालतो." शिनकान्सेनने कोरियामा, तिथून डोंगरांतून आयझु-वाकामात्सुपर्यंत जाणारी साधी गाडी, मग पुढचा छोटा टप्पा असा तो प्रवास. गाव मिसो, सोया सॉस, साके आणि पांढऱ्या भिंतींच्या जुन्या कोठारांसाठी प्रसिद्ध आहे. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत, पण रामेनची दुकानं शंभराच्या आसपास! इथे रामेन न्याहारीलाही खातात. त्याला 'आसा-रा' म्हणतात. 'आसा' म्हणजे सकाळ.

आम्ही गेलो ते दुकान गावाबाहेर, भातशेतीच्या कडेला होतं. दारावर कापडी पडदा, आत सात-आठ माणसं बसतील एवढी जागा. पाटी वाचता येत नसेल तर समोरून जाऊनही कळणार नाही. मालकीणबाई एकट्याच शेवया उकळत होत्या, रस्सा ओतत होत्या आणि वाडगे पुसत होत्या.

त्या वाडग्यात रसायनशास्त्राचे दोन धडे होते. पहिला शेवयांचा. रामेनच्या शेवया पिवळसर आणि लवचीक असतात, पण त्यांत अंडं असतंच असं नाही. पीठ मळताना 'कानसुई' नावाचं क्षारयुक्त पाणी घालतात. त्यात मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट असतात. या क्षारामुळे गव्हातलं ग्लुटेन घट्ट होतं आणि पिठातली रंगद्रव्यं पिवळी दिसू लागतात. आपल्या घरात पापडाच्या पिठात पापडखार पडतो, तो याच जातीचा.

दुसरा धडा रश्श्याचा. किताकाताचा रस्सा बहुधा डुकराची हाडं आणि सुकवलेले छोटे मासे यांचा करतात आणि त्याला सोया सॉसची जोड देतात. कोकणातल्या माणसाला तो सुकटीचा वास लगेच ओळखू येतो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. सोया सॉसमध्ये पहिलं, मांस-मासळीत दुसरं. म्हणून तो रस्सा टाकवत नाही. आमटीसारखा भुरका मारला की वास घशातून नाकाकडे चढतो आणि चव आणखी खुलते. जपानमध्ये शेवया भुरकणं असभ्य मानत नाहीत. मला ते फारच सोयीचं वाटलं.

तर, त्या आजोबांना मी दारात गाठलं. भाच्याला म्हटलं, "विचार त्यांना, रस्सा आवडला नाही का?" आजोबा हसले. भाच्याने सांगितलेला त्यांच्या उत्तराचा सारांश असा: आवडतो, म्हणूनच येतो. आठवड्यातून एकदा. वडील पक्षाघाताने गेले, मोठा भाऊही. तेव्हापासून घरचा नियम आहे: शेवया सगळ्या, रस्सा चार घोट.

ते उत्तर एका घराचं असलं तरी त्यामागे अख्ख्या प्रदेशाचा इतिहास आहे. उत्तर जपानमध्ये हिवाळाभर बर्फ असतं. ताजी भाजी मिळत नसे, म्हणून खारवलेल्या भाज्या, खारवलेले मासे आणि मिसो यांच्यावर महिने काढायचे. अमेरिकन संशोधक लुईस डाल यांनी १९६० मध्ये मांडलेल्या माहितीनुसार अकिता भागात माणशी रोज २६-२७ ग्रॅम मीठ पोटात जात होतं. म्हणजे सुमारे पाच चमचे! जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला आहे, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे जपानमधलं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं.

मग तिथे गावोगाव रक्तदाब मोजायला सुरुवात झाली. नागानो प्रांतात आरोग्य स्वयंसेविका घरोघर जाऊन मिसो सूप किती खारट आहे ते तपासत. घरोघरी फ्रिज आले, ताजं अन्न बारमाही मिळू लागलं, रक्तदाबावर चांगली औषधं आली. १९६५ ते १९९० या काळात जपानमधलं पक्षाघाताच्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी खाली आलं. याचं सगळं श्रेय मिठाला देता येणार नाही. पण मीठ कमी करणं हा त्यातला मोठा वाटा होता.

रामेनवर मात्र अजून बोट रोखलेलं आहे. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९ मध्ये असं आढळलं, की ज्या प्रांतांत लोकसंख्येच्या मानाने रामेनची दुकानं जास्त, तिथे पक्षाघाताचे मृत्यूही जास्त. अर्थात यावरून रामेनमुळेच पक्षाघात होतो असं सिद्ध होत नाही. हा प्रांतांचा हिशेब आहे, माणसांचा नव्हे. कोणी किती वाडगे खाल्ले, हे त्यात मोजलेलं नाही. पण संशय घ्यायला कारण आहे. एका वाडग्यात साधारण ५ ते ७ ग्रॅम मीठ असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक रश्श्यात असतं.

हे मीठ शरीरात काय करतं? रक्तातलं सोडियम वाढलं की तहान लागते, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब येतो. हे रोज, वर्षानुवर्षं चाललं की मेंदूतल्या बारीक वाहिन्या कडक होतात. एखाद्या दिवशी त्यातली एक बंद पडते किंवा फुटते. त्या दिवशी मला दुपारपर्यंत सारखी तहान लागत होती आणि बोटातली अंगठी घट्ट झाली होती. रात्री रक्तदाब १५२/९४ आला. एरवी तो १३० च्या आसपास असतो. एका मोजणीवरून काही ठरत नसतं, हे मी रुग्णांना रोज सांगतो. तरी ते आजोबा डोळ्यांसमोरून हलेनात.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात ४६ वर्षांचा एक रिक्षाचालक दाखल झाला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, रक्तदाब २१०/१२०. मी जेवणाखाण्याचं विचारायला लागलो, तशी त्याची बायको म्हणाली, "साहेब, ते पानात वरून मीठ कधीच घेत नाहीत हो." ती खरंच बोलत होती. पण सकाळी खारी, दुपारी वडापाव, स्टँडवर मिसळ आणि वर दोनदा मागून घेतलेला रस्सा, रात्री भाकरीबरोबर लोणचं आणि पापड. मीठ डोळ्यांना दिसलंच नव्हतं. रक्तदाब तर त्याने कधी मोजलाच नव्हता.

म्हणून आता मी ओपीडीत मिठाचा चमचा दाखवत बसत नाही. रश्श्याबद्दल बोलतो. मिसळ खा, पण रस्सा पुन्हा मागू नका. झटपट नूडल्स केल्या तर मसाल्याची अर्धीच पुडी घाला. एका जेवणात लोणचं किंवा पापड, दोन्ही नको. स्वयंपाकात टोमॅटो, कोकम, लिंबू, लसूण यांनी चव आणा. टोमॅटोत ग्लुटामेट असतंच. मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत जीभ सरावते आणि जुनं जेवण खारट लागू लागतं. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही ते चालत नाही. मीठ कमी केलं म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. आणि तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत.

रिक्षाचालक तीन आठवड्यांनी घरी गेला. काठी धरून चालतो, शब्द अडखळत येतात, रिक्षा भावाकडे दिली आहे. परवा तपासणीला आला तेव्हा बायको म्हणाली, "आता रस्सा निम्मा ठेवतात, साहेब." मलाही तिला सांगावंसं वाटलं, मीही ठेवतो.