पैठणच्या विद्वत्तेचे दोन वारस

पैठण म्हटले की एक ठरलेले चित्र उभे राहते: एका बाजूला शुद्धिपत्रे देणारी ब्रह्मसभा, दुसऱ्या बाजूला तिचा जाच सोसणारे संत. ज्ञानेश्वरादी भावंडांच्या परंपरागत कथेने हे चित्र पक्के केले. पण सोळाव्या शतकातली पैठणची दोन घराणी शेजारी ठेवली, तर ते अर्धेच खरे ठरते. ज्या विद्वत्तेने पंडित घडवले, तिनेच संतही घडवला.

पहिले घराणे भट्टांचे. रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीला गेले आणि त्यांचे पुत्र नारायणभट्ट तिथल्या पंडितांचे अग्रणी झाले. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधू’ रचला. व्रतवैकल्यांच्या तिथींबाबत त्याचा हवाला आजही दिला जातो. १६७४ मध्ये शिवरायांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे कमलाकरांचे पुतणे. दुसरे घराणे भानुदासांचे. एकनाथ त्यांचे पणतू. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका १५७३ मध्ये पूर्ण केली, तीही काशीतच. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यात पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. पाठाची ही काटेकोर निष्ठा अस्सल पंडिताची आहे. फरक इतकाच, की ती एका मराठी ग्रंथाच्या वाट्याला आली.

मग एकनाथांना पंडितांकडून विरोध का झाला, असे कोणी विचारील. वाद विद्वत्तेचा नव्हता, ती कोणापर्यंत पोहोचावी याचा होता. नाथांच्या भारुडांत महार जोहार घालत येतो आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावतो. वेदान्ताला चावडीवरची बोली मिळते. यावर रास्त आक्षेप असा, की ब्राह्मणाने महाराच्या तोंडी घातलेले बोल म्हणजे महाराचे बोल नव्हेत. ते मान्यच करायला हवे. सोसलेल्याची भाषा महार संत चोखामेळ्याच्या अभंगांतच ऐकावी लागते, आणि भारुडांनी जातीची उतरंड मोडली नाही. पण भारुडाने ज्ञान सांगण्याचा मान कोणाकडे जाऊ शकतो, हे चारचौघांत दाखवले, आणि तेवढेही प्रस्थापितांना झोंबणारे होते. म्हणून पैठणचा मोठेपणा पंडितांची नावे वगळून सांगता येत नाही, आणि केवळ त्यांच्या नावांवर तोलताही येत नाही. विद्या दोन्ही घरांत होती. नाथांनी तिचे दार अधिक जणांसाठी उघडले.