मधुमेह आणि शरीराचे घरचे पहारेकरी

आमच्या काकांना मधुमेह जडून बारा वर्षें झालीं. मध्यंतरीं एका स्नेह्यांनीं त्यांना अँटिऑक्सिडंट गोळ्यांची बाटली आणून दिली. 'जीवनसत्त्वेंच तीं, घेण्यास हरकत कसली?' हा स्नेह्यांचा युक्तिवाद घरांत बहुतेकांस पटला. काकांना तर तो इतका पटला कीं, सायंकाळचें फिरणेंहि त्यांनीं सोडून दिलें!

आपल्या पेशींत मायटोकाँड्रिया नांवाच्या सूक्ष्म शेगड्या असतात. रक्तांत साखर फार झाली म्हणजे त्यांत जळण अधिक पडतें आणि ठिणग्याहि अधिक उडतात. शास्त्रांत या ठिणग्यांना मुक्त मूलकें म्हणतात. मधुमेहांत नेत्र, मूत्रपिंडें व मज्जातंतु यांची जी हानि होते तिचें मूळ यांत आहे, असें मायकेल ब्राउनली यांनीं २००१ सालीं प्रतिपादिलें. ठिणग्या विझविण्यास कॅटॅलेज, ग्लुटाथायोन असे पहारेकरी शरीरांतच आहेत. परंतु दैवदुर्विलास असा कीं, इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींतच त्यांचें बळ तोकडें असतें.

तेव्हां बाहेरून कुमक धाडावी, हें सुचणें साहजिकच होतें. 'होप' नांवाच्या प्रयोगांत नऊ हजारांवर रुग्ण होते व त्यांत मधुमेही पुष्कळ होते. निम्म्यांस ई जीवनसत्त्व व निम्म्यांस नुसती पोकळ गोळी, असा क्रम सुमारें साडेचार वर्षें चालला. २००० सालीं निष्पन्न झालें तें असें कीं, हृदयविकार कांहीं कमी झाला नाहीं. २००५ च्या पुढील अहवालांत तर हृदयाची दुर्बलता जीवनसत्त्व घेणाऱ्यांतच अधिक आढळली.

येना येथील जर्मन संशोधकांचा २००९ चा प्रयोग मला याहून उद्बोधक वाटतो. त्यांनीं निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करविला. नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरांत इन्सुलिन अधिक गुणकारी झालें; सोबत सी व ई जीवनसत्त्वें घेणाऱ्यांत तो लाभ दिसेना. व्यायामानें उडणाऱ्या थोड्याशा ठिणग्या हीच पहारेकऱ्यांना जागविणारी हांक असते, आणि गोळ्यांनीं ती हांकच दाबून टाकिली!

पुढें या पहारेकऱ्यांच्या जमादारालाच, म्हणजे 'एनआरएफ-२' नामक प्रथिनाला, औषधानें चेतविण्याचा यत्न झाला. मधुमेह असून मूत्रपिंडें निकामी होत आलेल्या २१८५ रुग्णांची त्यासाठीं निवड झाली व त्यांतील निम्म्यांस बार्डोक्सोलोन हें औषध दिलें. परंतु त्यांच्यांत हृदयाची दुर्बलता वाढल्यामुळें ऑक्टोबर २०१२ मध्यें तो प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला.

हें सर्व मीं काकांना सांगितलें. बाटली फडताळांत गेली. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती उघडावयाची नाहीं, असें ठरलें. सायंकाळीं आतां ते काकूंना घेऊन निघतात, आणि 'हे फार भराभर चालतात' ही काकूंची नवी तक्रार आहे.