ऑर्क भाडोत्री सैनिक : इमान आणि लौकिक

भूमिकाखेळात संहिता आधी लिहिलेली नसते. सूत्रधार प्रसंग मांडतो. खेळणारे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात आणि काही परिणाम फाशांवर ठरतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये या प्रकाराला छापील नियम दिले. अशा खेळांतील ऑर्क भाडोत्री सैनिक ही व्यक्तिरेखा कशी घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही जमात मुख्यतः जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतून खेळात आली. तेथील ऑर्क धन्याच्या धाकाने लढतात. शाग्रात व गोर्बाग हे त्यांचे दोन म्होरके एकदा बड्या धन्यांपासून दूर, विश्वासू साथीदारांसह स्वतंत्रपणे लुटालूट करण्याचे मनसुबे रचतात. परंतु पुढे एका मौल्यवान चिलखतापायी त्यांच्याच टोळ्या परस्परांचा संहार करतात. भाडोत्री टोळीचे बीज येथे आहे. तिला टिकविणारे इमान मात्र नाही.

‘मॉन्स्टर मॅन्युअल’ (१९७७) या खेळाच्या ग्रंथात ऑर्कांची वृत्तीच दुष्ट म्हणून नोंदली आहे. पुढल्याच वर्षी अर्ध-ऑर्क हे पात्र खेळणाऱ्यांना उपलब्ध झाले, आणि २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ऑर्कही. पात्राच्या मुखाने बोलू लागताच ‘जन्मजात दुष्ट’ ही नोंद अपुरी पडते. समजा, पुलाच्या रक्षणासाठी नेमलेल्या टोळीला शत्रूने दुप्पट मोल देऊ केले. ते घेतले तर उद्या कोणी कामावर ठेवणार नाही; नाकारले तर साथीदार मरतील. खाल्ल्या मिठाला जागावे की टोळीला? राजा, भूमी वा कायदा पाठीशी नसलेल्या या सैनिकाचे भांडवल त्याचा शब्द हेच होय. धाकाची जागा येथे लौकिक घेतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या संगणकीय खेळात लौकिक गुणांनी मोजला जातो. तिरस्कारापासून परमप्रतिष्ठेपर्यंत त्याच्या आठ पायऱ्या होत्या. समोरासमोरच्या खेळात मात्र तो इतरांच्या स्मरणात व बोलण्यात वसतो. पात्र घडविणारा एक असला तरी त्याचे नाव राखणारे वा बुडविणारे अनेक असतात. कादंबरीतील पात्राचा अंतिम निवाडा लेखक करतो. येथे तो सहभागी मंडळी करतात. जन्माने लागलेला कलंक कृतीने पुसता येतो काय, हा प्रश्न म्हणूनच येथे दर डावाला नव्याने उभा राहतो.